ऑक्सिजनचा माग काढत अवयवसंस्था समजून घेण्याची रीत

शरीरशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत श्वसनसंस्था एका प्रकरणात असते, रक्ताभिसरण दुसऱ्यात आणि उत्सर्जन आणखी पुढे कुठेतरी. ही मांडणी परीक्षेच्या सोयीची असली, तरी नव्याने शिकणाऱ्याच्या मनात त्यामुळे एक चुकीचे चित्र तयार होते: जणू प्रत्येक संस्था आपापले काम स्वतंत्रपणे उरकते आणि शेजारच्या संस्थेशी तिचा फारसा संबंध नसतो. प्रत्यक्षात एकही संस्था स्वतःपुरती काम करत नाही. म्हणून संस्थांची यादी पाठ करण्याऐवजी एखाद्या पदार्थाचा हवेपासून पेशीपर्यंतचा प्रवास धरून चालावे आणि वाटेत जी जी संस्था भेटेल ती तिथेच समजून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. या लेखात तो पदार्थ आहे ऑक्सिजन.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेल्यांना, शाळा सुटून बरीच वर्षे झालेल्या प्रौढांना आणि घरी मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या पालकांना ही रीत उपयोगी पडेल. सेकंदकाटा असलेले घड्याळ, वही, मोजपट्टी, आरसा, टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणि तीन मजल्यांचा जिना एवढे साहित्य पुरते. ज्यांना हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जिन्याचा प्रयोग स्वतः न करता दुसऱ्याच्या नोंदी घ्याव्यात. हे प्रयोग शिकण्यासाठी आहेत. त्यांवरून कोणीही रोगनिदान करू नये.

पायरी १ : बसल्या जागी नाडी आणि श्वास मोजणे

पाच मिनिटे शांत बसावे. मग एका हाताची तर्जनी आणि मधले बोट दुसऱ्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. नाडी पाहण्यासाठी अंगठा वापरू नये, कारण त्याचीच नाडी जाणवून मोजणी चुकते. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाच्या नाडीचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ते याहून कमीही आढळतात.

श्वास मात्र घरातील दुसऱ्या कोणाला तरी, आपल्याला न सांगता, मोजायला लावावा. स्वतः मोजू लागले की त्याची लय लगेच बदलते आणि या बदलातच एक महत्त्वाची गोष्ट शिकायला मिळते: श्वास आपोआपही चालतो आणि इच्छेनेही बदलता येतो, तर हृदयाच्या ठोक्यांवर इच्छेचा असा थेट ताबा नसतो. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेते. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत, पुढे त्यांची गरज पडणार आहे.

पायरी २ : हवा आत येते कशी, हे तपासणे

एक तळहात पोटावर आणि दुसरा बरगड्यांच्या बाजूला ठेवून सावकाश श्वास घ्यावा. पोट पुढे येते आणि बरगड्या वर व बाहेर सरकतात. फुफ्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायू नसतात. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून खाली उतरतो, बरगड्यांमधले स्नायू पिंजरा रुंद करतात, छातीची पोकळी मोठी झाल्याने आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी होतो आणि हवा आत शिरते. म्हणजे श्वसनसंस्थेच्या पहिल्याच कामात स्नायूसंस्था, अस्थिसंस्था आणि त्यांना आदेश देणारी चेतासंस्था सामील असतात.

शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली जवळपास १५० मिलिलिटर हवा नाक, घसा, श्वासनळी आणि तिच्या फाट्यांतच राहते. तिथे ऑक्सिजनची देवाणघेवाण होत नाही. उरलेली ३५० मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांतल्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोचते. आता एक हिशेब वहीत मांडावा. मिनिटाला १२ श्वास प्रत्येकी ५०० मिलिलिटरचे घेतले, तर एकूण ६ लिटर हवा आत येते आणि वायुकोशांना ४.२ लिटर मिळते. मिनिटाला २४ उथळ श्वास प्रत्येकी २५० मिलिलिटरचे घेतले, तरी एकूण हवा ६ लिटरच भरते, पण वायुकोशांपर्यंत फक्त २.४ लिटर पोचते. उथळ आणि भरभर श्वास घेणाऱ्या रुग्णाकडे परिचारिका इतक्या बारकाईने का पाहतात, ते या दोन ओळींच्या गणितातून उमगते.

दोन्ही फुफ्फुसांत मिळून वायुकोशांची संख्या ३० कोटींच्या घरात असते. वायुकोशातली हवा आणि त्याला वेढणाऱ्या केशवाहिनीतले (अतिशय बारीक रक्तवाहिनीतले) रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो, म्हणूनच ऑक्सिजन तो क्षणार्धात ओलांडू शकतो. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के, म्हणजे उच्छ्वासातही बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो, तो यामुळेच.

आता बसल्या बसल्या थोडा वेळ श्वास रोखून पाहावा. काही सेकंदांनी श्वास घेण्याची जी तीव्र ओढ लागते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे लागत नाही. रक्तात साठत गेलेला कार्बन डायऑक्साइड मस्तिष्कपुच्छातील (मेंदूच्या सर्वांत खालच्या भागातील) श्वसनकेंद्राला उद्दीपित करतो, म्हणून लागते. विहिरीत किंवा नदीत बुडी मारण्यापूर्वी मुद्दाम जोरजोरात श्वास घेणाऱ्या मुलांना हे समजावून सांगणे अत्यंत आवश्यक आहे. त्या श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, पण ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. परिणामी वर येण्याची ओढ लागण्यापूर्वीच पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

पायरी ३ : रक्त एकाच दिशेने फिरते, हे स्वतःच्या हातावर पाहणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बाकीच्या सगळ्या संस्था एकमेकींना भेटतात त्या रक्तामार्फतच.

आधी आकडेमोड. विश्रांतीत हृदयाचा डावा भाग एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर हे जवळपास ५ लिटर होते आणि प्रौढ शरीरातले एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. दिवसाचा हिशेब केला, तर तो सुमारे ७,००० लिटरवर जातो. इतके रक्त रोज अन्नापासून नव्याने तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे यांनी अशाच स्वरूपाच्या हिशेबाच्या आधारे १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. रोहिणीतून (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून) गेलेले रक्त नीलेत (ते हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिनीत) नेमके कुठून येते, हे त्यांना दाखवता आले नव्हते. त्या केशवाहिन्या मार्चेलो माल्पिघी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

हार्वे यांनी केलेला नीलांचा प्रयोग आपल्यालाही करता येतो. दंडावर रुमाल किंचित घट्ट बांधावा, हात खाली सोडून मूठ दोन-चार वेळा आवळावी. हाताच्या आतल्या बाजूच्या नीला फुगून दिसू लागतात आणि त्यांवर अधूनमधून बारीक गाठींसारखे उंचवटे दिसतात. तिथे आत झडपा असतात. सरळ गेलेली एखादी नीला निवडून तिच्यावर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने त्या जागेपासून कोपराच्या दिशेने पुढच्या उंचवट्याच्या पलीकडेपर्यंत रक्त सारावे. आता वरचे बोट उचलले, तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. मनगटाकडचे बोट उचलताक्षणी मात्र तो भाग भरून येतो. रुमाल एक-दोन मिनिटांत सोडावा. रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.

घरात मांसाहार चालत असेल, तर मटणाच्या दुकानातून बोकडाचे हृदय न कापता आणावे. आपल्या हृदयासारखेच तेही चार कप्प्यांचे असते. हातमोजे घालून ते टोकापासून वरच्या बाजूकडे उभे चिरले, की डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड असल्याचे दिसते. उजवी जवनिका रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसांकडे पाठवते आणि डावीला ते डोक्यापासून पायांच्या बोटांपर्यंत पोचवायचे असते, त्यामुळे तिला बराच जास्त दाब निर्माण करावा लागतो. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरेही स्पष्ट दिसतात. त्याच दुकानातून फोफशीचा छोटा तुकडा आणून पाण्यात टाकला, तर तो तरंगतो. कलेजी आणि गुर्दा बुडतात. फुफ्फुसात अडकून राहिलेली हवा याहून सोप्या पद्धतीने दाखवता येणार नाही. ज्यांना हे नको असेल, त्यांनी कागदावर चार कप्पे काढून रक्ताचा मार्ग बाणांनी दाखवावा: शरीराकडून उजवे अलिंद (वरचा कप्पा), उजवी जवनिका, फुफ्फुस, डावे अलिंद, डावी जवनिका आणि पुन्हा शरीर. हे चित्र न पाहता काढता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

पायरी ४ : जिना चढणे आणि पुन्हा मोजणे

जिन्याचे तीन मजले नेहमीपेक्षा थोड्या जलद गतीने चढावेत. चढून झाल्याबरोबर पहिल्या १५ सेकंदांची नाडी मोजून तिला ४ ने गुणावे आणि पुढे पाच मिनिटे, दर मिनिटाला, पुन्हा नोंद करावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम जास्त लागला, तर लगेच थांबावे. त्रास कमी झाला नाही किंवा पुन्हा झाला, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंनी एरवीपेक्षा कितीतरी अधिक ऑक्सिजन वापरला आणि कार्बन डायऑक्साइड व उष्णता निर्माण केली; त्याला प्रतिसाद म्हणून श्वास खोल झाला, हृदयाचा वेग वाढला आणि रक्ताचे वाटपही बदलले. विश्रांतीत हृदयाने टाकलेल्या रक्तापैकी सुमारे एक-पंचमांश कंकाल स्नायूंना मिळते, तर अतिशय जोरदार व्यायामात हा वाटा चार-पंचमांशांपर्यंत जाऊ शकतो. त्या वेळी आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडचा प्रवाह कमी केला जातो. भरपेट जेवून लगेच धावणाऱ्याच्या पोटात मळमळते, त्याचे एक कारण हे आहे. पोटरीचे स्नायू स्वतःही मदतीला येतात: प्रत्येक पावलाला ते पायातल्या नीला दाबतात आणि मागच्या पायरीत पाहिलेल्या झडपांमुळे रक्त हृदयाकडेच चढते. बराच वेळ एका जागी उभे राहावे लागणाऱ्यांचे पाय संध्याकाळी का सुजतात, त्याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

उष्णता बाहेर टाकण्याचे काम त्वचेकडे येते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. म्हणून कोकणातल्या दमट हवेत ३४ अंशांतही जीव कासावीस होतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात घाम चटकन वाळतो खरा, पण त्यामुळे किती पाणी गेले ते लक्षात येत नाही आणि तहान लागेपर्यंत शरीर बरेच कोरडे पडलेले असते.

पायरी ५ : इंधनाचा शोध घेणे

ऑक्सिजन पेशीपर्यंत पोचला, तरी त्याच्याशी संयोग पावणारे अन्न हवे. भाताची पातळ पेज गार करून दोन वाट्यांत घ्यावी. एकीत चमचाभर लाळ आणि दुसरीत तेवढेच पाणी मिसळून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि नंतर प्रत्येकीत टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. पाण्याच्या वाटीत गडद निळा-काळा रंग येतो. लाळेच्या वाटीत तो फिका पडतो किंवा येतच नाही, कारण लाळेतल्या विकराने स्टार्चचे तुकडे केलेले असतात. दोन्ही वाट्यांतली पेज फेकून द्यावी, ती पोटात जाता कामा नये.

जठरात अन्न साधारण दोन ते चार तास घुसळले जाते, पण पोषक द्रव्यांचे शोषण मुख्यतः सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात होते. तिथून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते आणि आलेल्या साखरेचा काही भाग तिथे साठवला जातो. ही व्यवस्था किती काटेकोर आहे, हे एका आकड्यावरून कळते: प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी ग्लुकोज असते ते जेमतेम ५ ग्रॅम. पोळी-भाताच्या एका जेवणातून याच्या अनेक पट ग्लुकोज येते आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली पातळी मर्यादेत राहते, कारण स्वादुपिंड इन्सुलिन सोडून स्नायू, मेद आणि यकृत यांना ते उचलायला लावते. म्हणजे पचनाचा धडा अंतःस्रावी ग्रंथींशिवाय पुरा होऊच शकत नाही.

पायरी ६ : कचरा कोणत्या वाटेने जातो, ते ओळखणे

नवशिक्यांची एक ठरलेली गफलत इथे होते. मल हा उत्सर्जनसंस्थेचे काम आहे, असे त्यांना वाटते. मलाचा मोठा भाग म्हणजे जे रक्तात कधी शिरलेच नाही असे न पचलेले अन्न, पाणी आणि आतड्यातले जीवाणू. पेशींनी केलेला कचरा वेगळ्या वाटांनी जातो. कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसांतून बाहेर पडतो. प्रथिनांच्या विघटनातून होणाऱ्या विषारी अमोनियाचा युरिया बनवण्याचे काम यकृत करते आणि तो युरिया मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात.

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळपास सगळा परत रक्तात घेतला जातो. लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. म्हणजे मूत्रपिंडाचे खरे कौशल्य फेकण्यापेक्षा परत घेण्यात आहे. दोन दिवस लघवीचा रंग सकाळी उठल्यावर, भरपूर पाणी प्यायल्यावर आणि उन्हातून आल्यावर नोंदवून पाहावा. पाणी कमी पडले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक येते, मूत्रपिंडे जास्त पाणी परत घेतात आणि रंग गडद होतो. तो पिवळा रंगही मुळात रक्तातूनच येतो: तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडल्यावर त्यांतल्या हिमोग्लोबिनचे (ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या द्रव्याचे) जे अवशेष उरतात, त्यांचा तो रंग असतो.

पायरी ७ : आदेश किती वेगाने जातात, ते मोजणे

एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अचानक सोडावी आणि दुसऱ्याने शून्याजवळ बोटे ठेवून ती पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली गेली, तर डोळ्यांपासून मेंदूपर्यंत आणि मेंदूपासून बोटांपर्यंतच्या प्रवासाला सुमारे ०.२ सेकंद लागले. मग आरशासमोर उभे राहून एक डोळा हाताने झाकावा व काही क्षणांनी हात काढून उघड्या डोळ्याची बाहुली पाहावी: झाकलेल्या डोळ्यावर प्रकाश पडला, तरी ती दुसरीही लहान होते. यात इच्छेला जागाच नाही. चेतासंस्थेचे आदेश असे क्षणात पोचतात, तर संप्रेरके रक्ताबरोबर हिंडत मिनिटे, तास किंवा दिवस परिणाम घडवतात.

पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण हा रोगप्रतिकारसंस्थेच्या लसीकाग्रंथींचा प्रतिसाद असतो. त्या संस्थेचा अभ्यास मात्र सवडीने आणि स्वतंत्रपणे करावा.

पायरी ८ : एक बिघाड घेऊन सर्व संस्थांतून त्याचा माग काढणे

आता एका कोऱ्या कागदाच्या मध्यभागी ‘हिमोग्लोबिन कमी’ असे लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. प्रत्येक संस्थेत त्याचे काय होईल, ते बाणांनी दाखवत जावे. फुफ्फुसे निरोगी आहेत, हवेतही ऑक्सिजन भरपूर आहे, पण तो वाहून नेणारे कमी आहेत. म्हणून हृदयाला तेच रक्त अधिक वेगाने फिरवावे लागते आणि थोड्या श्रमांतही छाती धडधडते, दम लागतो. स्नायू लवकर थकतात, त्वचा फिकट दिसते.

मूत्रपिंडांकडे जाणारा बाण काढायला बहुतेक जण विसरतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो आहे, हे मूत्रपिंडांना जाणवते. ती एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडतात, ते रक्तावाटे हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेपर्यंत जाते आणि मज्जा तांबड्या पेशींचे उत्पादन वाढवते. त्यासाठी लागणारे लोह पचनसंस्थेने अन्नातून मिळवलेले असावे लागते. ते नसेल, तर संदेश पोचूनही पेशी पुरेशा बनत नाहीत. मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर असलेल्या अनेक रुग्णांना रक्तक्षय का होतो आणि त्यांना याच संप्रेरकाचे इंजेक्शन का द्यावे लागते, ते या एका बाणावरून स्पष्ट होते.

हा कागद पूर्ण झाला, की दुसऱ्या कागदावर सिकल सेल हा आजार घ्यावा. विदर्भातील आणि नंदुरबारच्या भागातील आदिवासी समाजांत तो आनुवंशिकतेने बराच आढळतो, त्यामुळे तिथे काम करू इच्छिणाऱ्यांना त्याची माहिती असायलाच हवी. यात हिमोग्लोबिनच्या रचनेत एक छोटा बदल असतो आणि ऑक्सिजन कमी झाला, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन केशवाहिन्यांत अडकतात. एवढ्या माहितीवरून हाडांत वेदना का होतात, प्लीहेला इजा का पोचते, पाणी कमी प्यायल्यावर त्रास का वाढतो आणि या पेशी १२० दिवस का टिकत नाहीत, याची उत्तरे आधी स्वतः बाणांनी लिहावीत आणि मगच पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाशी ती ताडून पाहावीत.